वीतभर उंच झालेली गाडी

सांगली

नोकरीतून मोकळा झालेला माणूस घराला दोन प्रकारे त्रास देतो. एकतर तो स्वयंपाकघरात लक्ष घालतो, नाहीतर हातात पाना घेतो. मी पाना घेतला. आयटीआयमध्ये आयुष्यभर पोरांना फिटरचं काम शिकवलं, त्यामुळे घरातली एखादी वस्तू आहे तशी नीट चालत राहिली की मला चैन पडत नाही. मिक्सर झाला, शेगडी झाली, मग माझी नजर दारातल्या व्हॅनकडे गेली.

व्हॅन जुनी, पण ठणठणीत. पुढे दोन सीटा, त्यामागे एक सलग बाक आणि त्यामागे सामानाची जागा. एके दिवशी मोबाइलवर एका परदेशी गृहस्थाची करामत पाहिली. त्याच्या गाडीत एक पट्टी ओढली की सगळी सीट घडी होऊन जमिनीच्या पोटात जात होती आणि वर सपाट फळी उरत होती. गादी टाका, झोपा. मी ते पुन्हापुन्हा पाहिलं. शैला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, आता त्या बिचाऱ्या गाडीला तरी सोडा."

पण माझ्याकडे कारण होतं, आणि तेही पक्कं. माझे वडील मूळचे नागावचे. साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते घाटावर आले आणि सांगलीचेच झाले. त्यांच्या दोन बहिणी मात्र तिकडेच राहिल्या. थोरली सखूआत्या नागावातच दिलेली, धाकटी मनूआत्या खाली श्रीवर्धनच्या बाजूला, बोर्ली पंचतनला. सखूआत्याचं मागे खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिला फार वेळ बसवत नाही. मनूआत्या दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली. दोघींमध्ये अर्ध्या दिवसाचीच वाट, पण वर्ष उलटून गेलं तरी भेट नव्हती. सखूआत्या दर फोनला एकच म्हणायची, "दिन्या, मला एकदा मनूकडं ने रं. बसून न्हाय जमायचं. पडून नेशील तर येईन."

गेल्या साली तिला अलिबागच्या डॉक्टरकडे याच व्हॅनमधून नेलं होतं. पायरीवर पाय ठेवून ती आत आली, बाकावर टेकली आणि मग हळूच आडवी झाली. बाक आखूड, म्हणून गुडघे पोटाशी घ्यावे लागले. "बरं वाटलं गो पडून," असं ती उतरताना शैलाला म्हणालीही होती. माझ्या डोक्यात मात्र तिचे दुमडलेले गुडघेच राहिले. तिला पाय लांब करून झोपता आलं पाहिजे, एवढ्यावर मी हटून बसलो.

बाकाचे गंजलेले बोल्ट निघता निघेनात. ते निघाल्यावर खाली वाकून पाहतो तर जमीन कापायला जागाच नाही. मधून चाकांना फिरवणारा दांडा जातो, बाजूला पेट्रोलची टाकी. परदेशी गृहस्थाच्या गाडीला पोट होतं, आमच्या गाडीला नव्हतं. शहाण्या माणसाने इथे थांबायचं असतं. मी म्हटलं, जमीन खाली जात नसेल तर आपण वर आणू. चौकोनी पाइपांची चौकट वेल्ड केली, वर जाड प्लायवूड ठोकलं आणि मधे पेटीसारखा खड्डा ठेवला. नव्या सीटला बिजागऱ्या लावल्या. पाठ पुढे पाडायची, सगळी सीट खड्ड्यात उतरवायची, झाकण लावायचं. काय सुंदर बसत होती ती. शेजारपाजारच्या सगळ्यांना मी ती उघडून-मिटून दाखवली. गाडीची बैठक अशी मनाने बदलायला परवानगी लागते हे मला नंतर कळलं, आणि त्या वेळी कळलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

सगळं झाल्यावर शैला आत चढली आणि म्हणाली, "अहो, पायरी उंच झाली हो. चांगली वीतभर."

"सवय होईल," मी म्हटलं.

जुना बाक कोपऱ्यावरच्या चहावाल्याला देऊन टाकला. त्याच्या गिऱ्हाइकांची सोय झाली.

पाली

फेब्रुवारी संपत आला होता. घाट उतरून खोपोलीच्या पुढे आलो तशी हवा जड झाली आणि शैलाने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं. देवळाबाहेर सावलीत गाडी लावून, सीट जमिनीत गडप करून, आम्ही गादीवर बसून दशम्या खाल्ल्या. येणारे-जाणारे भाविक वाकून बघत होते. मुंबईकडच्या एका कुटुंबातल्या आजोबांनी तर विचारलं, "कुठून करून घेतलंत?"

"स्वतः केलं," मी म्हटलं. हे वाक्य मी या प्रवासात किती वेळा म्हणणार होतो याचा हिशोब शैलाने मनातल्या मनात ठेवला असणार.

तिथून पुढे सगळी वाट मी खुशीत होतो. पोयनाड ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसू लागल्या. आमच्याकडे कांदा पोत्यात असतो, पायदळी असतो. इकडे त्याची वेणी घालतात, जपून टांगतात, आणि कापला तरी डोळ्यांतून पाणी येत नाही इतका तो गोड. सखूआत्या दरवर्षी एक माळ स्वतःच्या हाताने विणून मनूआत्याला पाठवते. या वर्षी ती स्वतः घेऊन जाणार होती.

नागाव

नागावात आता घरांपेक्षा पाट्या जास्त. प्रत्येक वाडीत खोल्या निघाल्यात, समुद्रावर मोटारबोटींचा गोंगाट, आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांनी गल्ल्या भरलेल्या. सखूआत्याचा मुलगा नंदू, त्यानेही नारळाच्या वाडीत चार खोल्या बांधल्यात. आम्ही नेमके शुक्रवारी पोचलो. सगळ्या खोल्या लागलेल्या, नंदूला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

आमच्याकडे पाहुण्याच्या हातावर पाणी आणि गूळ ठेवतात. इथे आधी शहाळं फोडतात आणि मग विचारतात, कसा आलास. शहाळं पिऊन होतं न होतं तोच तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि कोलंबीचं कालवण पुढ्यात आलं. शैला जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली. ती तांदळाच्या भाकरीला नेहमी "पाहुण्यांची भाकरी" म्हणते. त्या दिवशी तीन खाल्ल्या.

सखूआत्या पडवीत खुर्चीत बसून माळ विणत होती. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, शेजारी पिशवी भरून तयार. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, तरी ती आदल्या दिवशीच नेसून बसली होती.

"गादी घातलीस का रं?" तिने विचारलं.

"घातली. पाय लांब करून झोप आता. महाराणीसारखी."

"मनूला सांगितलंय मी. ती बी वाट बघते."

सकाळी गाडी पडवीला लावली. शेजारच्या दोघी-तिघी बायका निरोपाला आल्या. मी सरकतं दार उघडलं, सीट जमिनीत घालून दाखवली, गादीवरची चादर नीट केली. सखूआत्या काठी टेकत आली. एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा उचलला आणि तो फळीपर्यंत पोचला नाही.

तिने पुन्हा उचलला. मी कोपराला धरलं. पाय फळीच्या कडेला अडखळून खाली आला. नंदूने लाकडी स्टूल आणलं. स्टुलावर ती कशीबशी उभी राहिली, पण आता छप्पर आडवं आलं. मी जमीन वर आणली होती, छप्पर होतं तिथेच होतं. आत जायला कंबरेत वाकायला हवं, आणि मोडलेल्या खुब्याची बाई वाकणार कशी? मागच्या दारानेही तीच उंची. तिने पाय टाकायचा प्रयत्न केला, वाळूत स्टूल कलंडलं आणि तिची नडगी पायरीवर घासली. लुगड्याच्या काठाला रक्त लागलं.

नंदू म्हणाला, "आई, आम्ही दोघं उचलून ठेवतो तुला. काय होत न्हाय."

सखूआत्याने शेजारणींकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "मला उचलायची ती एकदाच. तवा मला इचारू नका."

मी म्हटलं, फळ्या काढून टाकतो, खाली गादी घालतो. पण जमिनीवर टेकलेली ती पुन्हा उठू शकत नाही, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. बाक हवा होता. टेकायला, आडवं व्हायला, पुन्हा उठायला. तो सांगलीला चहाच्या गाड्यासमोर होता. नंदूने दुसऱ्या गाडीसाठी फोन लावले. शनिवार होता, गावातली एकूण एक गाडी पर्यटकांनी ठरवलेली. शेवटी तो म्हणाला, "ॲम्ब्युलन्स सांगू का?"

"त्यातनं उतरले तर मनू मला बघूनच जाईल," सखूआत्या म्हणाली आणि हसली. बाकी कुणाला हसू आलं नाही. मग ती खुर्चीत जाऊन बसली. "तुमी जा. मी शिमग्याला जाईन. दिन्या, तवर ती पायरी नीट करून आण."

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माळ शैलाच्या हातात दिली आणि पिशवीतून एकेक वस्तू काढायला लागली: आमसुलं, सुकट, नारळाच्या वड्या, एक मऊ जुनं पातळ. "तिला नवं टोचतं," ती म्हणाली. कोकणात गाडी रिकामी जाऊ देत नाहीत. आमची गाडी वस्तूंनी भरली. ती जिच्यासाठी केली होती ती पडवीत राहिली.

आगरदांडा ते दिघी

रेवदंड्याचा पूल, काशीदचा किनारा, मुरूड. एरवी मी या वाटेवर दर वळणाला गाडी थांबवतो. या वेळी एकदाच थांबलो, तेही शैलाने सांगितलं म्हणून. समुद्र निळाशार होता, सुरूच्या बनात पोरं घोड्यावर बसत होती. मी चहा घेतला आणि तो कसा होता ते आठवत नाही.

"बोला काहीतरी," शैला म्हणाली.

"तू सांगितलं होतंस."

"मी उंच झाली म्हटलं. आत्याबाईंचं मलाही नाही सुचलं. सुचलं असतं तर उतरवू दिली असती का मी तुम्हाला गाडी त्या घाटावरून?"

आगरदांड्याला गाडी जंगल जेटीवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीवर चढवली. खाडी ओलांडून पलीकडे दिघी. बोटीवर गाड्या दाटीवाटीने उभ्या, माणसं कठड्याला. शेजारच्या टेम्पोचे मालक दिघीकडचेच, बरीच वर्षं मस्कतला काढून परतलेले. आता मासळीचा धंदा. उघड्या खिडकीतून त्यांना आमची गादी दिसली.

"चाचा, सीट कुठं गेली?"

काय करणार. दार उघडलं, झाकण काढलं, सीट वर उभी केली, पुन्हा मिटली. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. त्या गृहस्थांनी झाकणावर हात फिरवला. "माशाल्लाह. काय फिटिंग बसवलंय. आखातात असती तर लोक पैसे देऊन बघायला आले असते. कुणासाठी केलंत?"

"आत्यासाठी."

"कुठंय ती?" त्यांनी बोटीवर इकडेतिकडे पाहिलं.

शैलाने सांगितलं, सगळं. ती असं सरळ सांगते. गृहस्थांनी झाकणावरचा हात काढला. मग म्हणाले, "आमच्या अम्मीला मी तिकडून बाथरूमला लावायला नळ आणला होता. गरम-थंड, एकाच दांड्यात. तिला तो शेवटपर्यंत उघडता आला न्हाय. बाहेरच्या हौदावर आंघोळ करायची. मी सुट्टीवर आलो की कौतुकानं दाखवायची मात्र लोकांना, पोरानं आणला म्हणून." दिघी आलं. उतरताना त्यांनी बर्फातली चार पापलेटं कागदात गुंडाळून दिली आणि पैशांचा विषय काढू दिला नाही.

बोर्ली पंचतन

बोर्ली मोठं गाव. बाजार गजबजलेला, सुपाऱ्यांचे ढीग, सोनारांच्या पेढ्या, आखातातल्या पैशांनी बांधलेली रंगीत घरं. मनूआत्याचं घर बाजारामागे, सुपारीच्या वाडीत. तिची सून वंदना अंगणातच उभी होती. नंदूने तिला फोन करून सगळं कळवलं होतं, पण ते आत सांगायचा धीर तिला झाला नव्हता.

मनूआत्या खिडकीजवळच्या खाटेवर होती. इतकीशी झालेली. तिच्या खाटेला चिकटून दुसरी खाट लावली होती. धुतलेली चादर, उशी, पायथ्याशी घडी केलेली गोधडी.

"आलास," ती म्हणाली. मग माझ्या पाठीमागे पाहिलं. "ताई गाडीत पडलीय का अजून? उतरंव तिला. हळू उतरंव."

शैला तिच्या उशाशी बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "आत्याबाई, त्यांना गाडीत चढता नाही आलं. शिमग्याला येतायत."

मनूआत्याने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाय आली व्हय." आणि थोड्या वेळाने, "गाडी जरा इकडं लाव रं. बघू दे."

मी गाडी खिडकीसमोर आणली, दार उघडलं. वंदनाने तिला उशांचा टेकू देऊन बसवलं. मनूआत्याने गादी पाहिली, सखूआत्यासाठी ठेवलेली उशी पाहिली. तिचे डोळे अजून लांबचं बघत.

"गादी चांगली हाय," ती म्हणाली. "दादाचा पोर हुशार निघाला."

आयुष्यात माझं पुष्कळांनी कौतुक केलं असेल, पण त्या कौतुकाने मला जितकं खाली पाहायला लावलं तितकं कुठल्या निंदेने लावलं नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती मी स्वतः घडवला होता आणि गावभर मिरवला होता.

वंदनाने मोबाइलवर दोघी बहिणींना एकमेकींचा चेहरा दाखवायचं ठरवलं. पलीकडून नंदूने फोन आईच्या हातात दिला. सखूआत्याला फोन माहीत तो कानाला लावायचा. तिने तो कानाला लावला. इकडे पडद्यावर तिचा कान आणि कुड्याचा एक मोती एवढंच दिसत होतं. नंदू मागून सांगत होता, आई, समोर धर, पण तिला समोर धरलं की ऐकू येईना. मनूआत्या म्हणाली, राहू दे. आणि ती ताईच्या कानाकडे बघत बोलत राहिली: माळ पोचली, पातळ मऊ हाय, तुझी नडगी कशी हाय. फोन संपल्यावर तिने पातळ अंगावर घ्यायला मागितलं.

जेवायला वंदनाने घावन आणि नारळाचा रस केला होता, सोबत फेरीवरची पापलेटं. उत्तम होतं सगळं. मला जेवण गेलं नाही. "रात्री आत्याशेजारच्या खाटेवर झोपा," असं वंदनाने शैलाला सांगितलं, पण शैला त्या खाटेवर टेकली नाही. चादर तशीच राहिली. निघताना मनूआत्याने माझ्या गालावरून हात फिरवला. "शिमग्याला ताईला घेऊन ये. खाट ठेवते मी."

पुन्हा नागाव

सांगलीला आल्यावर पहिला चहावाल्याकडे गेलो. त्याला नवा बाक करून दिला आणि आमचा परत आणला. चहाचे डाग धुतले, फाटलेलं रेक्झिन शिवून घेतलं. चौकट कापून काढली. कापताना त्रास झाला नाही. वेल्डिंग करताना जितका आनंद झाला होता तितक्याच घाईने ती काढली. जुने बोल्ट जुन्या भोकांत बरोबर बसले. आखूड बाकाच्या कडेला पायांसाठी एक उघडमीट फळी जोडली. एवढीच सुधारणा त्या गाडीला हवी होती, आणि ती एका दुपारचं काम होतं.

शिमगा चार दिवसांवर आला असताना वंदनाचा फोन आला. मनूआत्या सकाळी गेली. झोपेतच, सुपाऱ्या सोलायचा आवाज येत होता तेव्हा.

आम्ही तडक बोर्लीला गेलो. येताना नागावला थांबलो. बोर्लीहून निघताना वंदनाने मनूआत्याचं ते मऊ पातळ धुऊन शैलाकडे दिलं होतं, ते सखूआत्याला पोचवायचं होतं. सखूआत्या पडवीत त्याच खुर्चीत बसली होती. तिने पातळ मांडीवर घेतलं, घडी उलगडली, पुन्हा घातली. बोर्लीची चौकशी केली. कोण कोण आलं होतं, अग्नी कुणी दिला, वंदना जेवली का. रडली नाही. मग म्हणाली, "पायरी केलीस नीट?"

"बाकच परत लावला, आत्या."

"बघू."

मी गाडी पडवीला लावून दार सरकवलं. ती काठी टेकत आली. पाय पायरीवर ठेवला, दुसरा आत टाकला आणि बाकावर टेकली. जरा मागे सरकली. मी फळी उघडली, तिने पाय लांब केले आणि आडवी झाली. छपराकडे बघत होती. शैलाने तोंड फिरवलं.

"बरं वाटतं रं पडून," सखूआत्या म्हणाली.

"चल, समुद्रापर्यंत फिरवून आणतो," मी म्हटलं. मला काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"जाऊन उतरू कुणाकडं?"

ती तशीच थोडा वेळ पडून राहिली. मग बाकाची कड धरून उठून बसली, पाय खाली घेतले, आणि कुणाचा हात न धरता उतरली.